तू वाच, मी पाहतो

बाबा, त्यांनी मूर्ती हलवली. इतकी वर्षं म्युझियमच्या मागच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसलेली आपली मूर्ती आता आतल्या दालनात आहे. डोक्यावर पिवळा दिवा, समोर जाड दोरी, आणि पाटी तीन भाषांत. परवा मी गेले तर व्हरांड्यातली ती जागा रिकामी. म्हटलं, गेली. मग आत शोधत फिरले, तर कोपऱ्यात बसलेली दिसली, होती तशीच, नाकाचा शेंडा उडालेला, डोळे अर्धे मिटलेले. त्या नाकावरूनच मी ओळखलं. आणि पहिल्यांदा मनात काय आलं सांगू? घरी जाऊन बाबांना सांगू या. तुम्हाला जाऊन पस्तीसहून जास्त वर्षं झाली, माझे केस पिकले, मी शाळेतून निवृत्तसुद्धा झाले, तरी त्या फाटकातून बाहेर पडताना पाय कोराडीच्या बसकडेच वळतात. घरी तर कोणी नाही ऐकायला. म्हणून लिहायला बसले.

तुमची शिफ्टची सुटी रविवारी आली की तो दिवस आपल्या दोघांचा, धाकटा भाऊ आईजवळ राहायचा. तुम्ही कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होतात. सुटीच्या सकाळी डोक्यावरून तीन-तीन बादल्या घ्यायचात, तरी पापण्यांच्या कडेला काळी रेघ राहायचीच, तान्ह्या बाळाला काजळ घालतात तशी. मग पांढरा सदरा, पायजमा, तेल लावून चापून बसवलेले केस. आई चुलीपुढून उठायची नाही, पण भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधता बांधता तोंड चालू असायचं. "त्या मेल्या वाघाले पाहाले कितीक खेपा जासान? सुटीच्या दिवशी माणसानं घरात पाठ टेकाव." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करायचात आणि मला डोळ्यांनी दाराकडे खूण करायचात. बसमध्ये खिडकी माझी. शहरात सदरला उतरून आपण झाडांच्या सावलीनं पायी जायचो आणि वाटेत तुम्ही फुटाण्यांची पुडी घ्यायचात, ती मात्र परत येतानाच उघडायची असा तुमचा नियम होता. म्युझियममध्ये खाताना कोणी पाहिलं तर परत येऊ देणार नाहीत अशी तुम्हाला धास्ती.

तुमच्याबरोबरचे लोक सुटीला मॅटिनी गाठायचे, आणि तुम्हाला हे म्युझियमचं वेड कुठून लागलं हे मला फार उशिरा कळलं. नोकरी लागायच्या आधी तुम्ही लकडगंजात लाकडाच्या वखारीवर ओझी वाहायचात. एका दुपारी काम नव्हतं, फिरत फिरत इकडे आलात, माणसं आत जाताना दिसली, तुम्हीही गेलात. कोणी अडवलं नाही. बस, एवढंच. गावी असताना ज्याला देवळाच्या पायरीशी उभं राहू दिलं नाही, त्याला इथे कोणी काही विचारलं नाही, उलट चौकीदारानं "आइए" म्हटलं. हे मला सांगताना तुम्ही हसत होता, पण मला अजूनही ते आठवलं की हसू येत नाही.

आपली कामाची वाटणी ठरलेली होती. तुम्हाला सहीपुरतं नाव गिरवता यायचं, त्यापलीकडे अक्षरओळख नव्हती. "तू वाच, मी पाहतो," असं तुम्ही म्हणायचात. तुम्ही काचेपुढे हात मागे बांधून उभे राहायचात आणि मी पाटी वाचायची. पेंढा भरलेला वाघ, अस्वल, धनेश पक्षी, जुनी नाणी, तलवारी, ताम्रपट. मी वाचलं की तुम्ही मान हलवायचात आणि मग पुन्हा एकदा, सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत पाहायचात, जणू नाव कळल्यावर ती वस्तू थोडी वेगळी दिसते. मी कंटाळले की ओळी गाळायची. तुमच्या लक्षात यायचं. "पाटी तं मोठी हाय, अन् तू यवढुसंच वाचलं," असं म्हणायचात आणि मला परत पहिल्यापासून वाचावं लागायचं. नुसतं पाहून पाटी किती ओळींची आहे हे तुम्ही बरोबर मोजत असायचात.

मी पाचवीत गेले त्या वर्षी, शहात्तर-सत्याहत्तर साल असेल, इंग्रजी सुरू झालं. माझी मजल एबीसीडी आणि मांजर चटईवर बसलं आहे इथपर्यंत होती. पण तुम्ही म्युझियमच्या मागच्या व्हरांड्यात त्या म्हाताऱ्या चौकीदाराला सांगून मोकळे झालात, "माही पोरगी आता इंग्लिशबी वाचते." तो म्हणाला, "सच में? बिटिया, वो पढ़ के बता." आणि त्यानं बोट दाखवलं ते या मूर्तीकडे. तोवर आपण त्या बाजूला कधी फारसे थांबलो नव्हतो, कारण तिथल्या पाट्या इंग्रजी होत्या. मी पाटीपुढे उभी राहिले. तीन ओळी, काळ्या अक्षरांच्या, आणि त्यातला एक शब्द आगगाडीएवढा लांब. मागे वळून पाहिलं तर तुमचा चेहरा. बाबा, तुम्ही इतके खूश होतात की बस. मी मूर्तीकडे पाहिलं. मांडी घातलेली, हात मांडीत, कुरळे केस, लांब कान. आपल्या घरी भिंतीवर कॅलेंडरमधून कापून चिकटवलेलं चित्र होतं ना, तसंच. मी ठणकावून म्हणाले, "भगवान गौतम बुद्ध."

तुम्ही चपला काढल्यात, व्हरांड्याच्या कडेला नीट जोडून ठेवल्यात आणि हात जोडलेत. मला वाटलं, सुटले. कसली सुटते. तुम्ही जवळ जाऊन बघायला लागलात, आणि तुमचं बघणं म्हणजे काही वरवरचं नाही. "चीवर काहून दिसत नाही वं अंगावर?" मी म्हणाले, दगड झिजला. "अन् छातीवर हे फूल काहून हाय?" खरंच, छातीच्या मधोमध एक चौकोनी फुलासारखी खूण होती. मी पुन्हा पाटीकडे पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाले, "त्यांच्या हृदयात करुणा होती, म्हणून." हे आम्हाला विहारात कोणीतरी शिकवलं होतं, ते वेळेला धावून आलं. एक खोटं झाकायला दुसरं लागतं आणि दुसऱ्याला तिसरं, हे लोक उगाच म्हणत नाहीत. तुम्ही त्या फुलाकडे बघत राहिलात आणि चौकीदारानंही मान डोलावली. पुढच्या खेपेला गेलो तर तो आलेल्या पाहुण्यांना सांगत होता, "ये बुद्ध भगवान हैं, और ये करुणा का फूल." त्यालाही माझ्याइतकंच इंग्रजी येत होतं.

मी लहान होते, मला ती एक थाप वाटली. तुमच्यासाठी ती काय होती हे मला हळूहळू दिसायला लागलं. दीक्षेनंतर तुम्ही घरातले जुने देव नदीत सोडलेत, आणि त्या जागी आलं ते कागदाचं चित्र. पट्ट्यावरचे लोक तुम्हाला चिडवायचे, "तुमचा धरम तं कालचा, आमचे देव पाहा, हजार वर्साचे." तुम्ही उलटून बोलायचा नाहीत. आणि आता तुम्हाला आपल्याच मातीतून, चौकीदार सांगायचा तसा आपल्याच विदर्भातल्या कुठल्याशा शेतातून निघालेला दगडाचा बुद्ध सापडला होता. परत येताना फुटाणे खाता खाता तुम्ही म्हणालात, "पाह्य बाई, आपुन कालचे नाही. आपुन पयलेच होतो इथी." मग वाघ-अस्वल मागे पडलं. दर सुटीला आपण थेट मागच्या व्हरांड्यात जायचो. मी पायरीवर बसून अभ्यास करायची आणि तुम्ही मूर्तीसमोर उकिडवे बसून हळू आवाजात काहीबाही बोलायचात. काय ते मी कधी ऐकलं नाही. साहेबाचं, आईच्या दुखण्याचं, माझ्या शाळेचं असेल. त्या वेळी तुमच्या मानेचा ताण गेलेला असायचा, आणि मला त्या पायरीवर जितकं सुरक्षित वाटायचं तितकं नंतर कुठेच वाटलं नाही.

वस्तीत तुम्ही सगळ्यांना सांगितलं होतं. करुणेचं फूल विहारात येणाऱ्या बायकांना तोंडपाठ झालं होतं. मी दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात विहाराच्या सेक्रेटरींनी ठरवलं की बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी सगळ्यांनी मिळून दर्शनाला जायचं. सेक्रेटरी पॉवर हाऊसच्या ऑफिसात टायपिस्ट होते, दिवसभर इंग्रजीच बडवायचे. ते ऐकून माझी झोप उडाली. आई पांढरं लुगडं काढून उन्हात टाकत होती, तुम्ही चपलेला टाके घालून आणलेत, आणि मी मूग गिळून बसले. शनिवारी तुम्ही अंगणात एकटे होतात. मी पाणी घेऊन आले. आता सांगू, असं वाटलं. तुम्ही म्हणालात, "उद्या तूच वाचून दाखवशीन सारे असताना. दमदार आवाजात वाचजो." मी तांब्या ठेवला आणि आत गेले.

पंचवीस-तीस माणसं होती. बायकांनी मोगऱ्याची फुलं पिशवीत ठेवली, कारण मूर्तीला फूल वाहायचं नाही हे तुम्ही बसमध्येच सर्वांना बजावलं होतं. तुम्ही पुढे चालत होता, घरचं लग्न असल्यासारखे. व्हरांड्यात पोचल्यावर तुम्ही चपला काढल्यात, मग सगळ्यांनी काढल्या. तुम्ही मला खूण केलीत. मी पुढे झाले नाही. पाय उचललाच नाही. तेवढ्यात सेक्रेटरींनी खिशातून चष्मा काढला, वाकले, आणि वाचून सरळ झाले. माणूस वाईट नव्हता, आवाज हळूच होता त्यांचा. "दादा, हे तं जैनाईचे तीर्थंकर हायेत गा. अन् छातीवर ते त्यायचंच चिन्ह हाय. पाटीवर सरळ लिवलं हाय. तुमाले बुद्ध म्हणून कोणं सांगतलं?" मागून एक बाई म्हणाली, "यायची पोरगी तं वाचते म्हणे इंग्लिश."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. एकदाच. मला वाटलं, आता माझं नाव येणार, आणि यावंच असंही वाटलं. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "तिनं नाही म्हटलं तसं. मले वाचता येत नाही, म्याच आपल्या मनानं धरलं. चूक माही हाय." आणि हसलात. बायका जोडलेले हात सोडून पदर सावरायला लागल्या. कोणीतरी खुदकन हसलंही. सेक्रेटरींनी आतल्या दालनात शोधाशोध करून बुद्धाचं एक लहानसं फुटकं मस्तक काढलं, मुठीएवढं, आणि मंडळी तिकडे गेली, वंदना झाली. तुम्ही गेला नाहीत. तुम्ही सगळ्यांच्या चपलांपाशी उभे होतात, राखणीला ठेवल्यासारखे. मी तुमच्याजवळ यायला हवं होतं. मी मंडळींबरोबर आत गेले.

त्यानंतर तुम्ही मला रागावलाही नाहीत. मी त्या रागावण्याची वाट पाहून थकले. पण रविवार संपले. सुटीला तुम्ही घरात पाठ टेकायला लागलात, आईच्या मनासारखं झालं, आणि तीच एकदा म्हणाली, "काहून हो, वाघ मेला का तुमचा?" रेशनचा कागद, बिलाचा कागद आला की तुम्ही तो शेजारच्याकडे न्यायचात. मी समोर बसलेली असायची. "तू वाच" म्हणणं बंद झालं होतं, आणि ते दोन शब्द ऐकण्यासाठी मी किती झुरले हे तुम्हाला कळू दिलं नाही.

मग बी.ए.चा निकाल लागला. इंग्रजी घेऊन पास झालेली वस्तीतली पहिली मुलगी. तुम्ही कॉलेजच्या फाटकाशी आला होतात, खोकत, गळ्याला मफलर. म्हणालात, "चाल, म्युझियमले जाऊ." मी चालायला लागले. चौकीदार नवा होता. व्हरांड्यात पोचताच तुम्ही चपला काढल्यात, पूर्वीसारख्या जोडून ठेवल्यात आणि हात जोडलेत. मला राहवेना.

"बाबा, हे आपले नाहीत."

"मालूम हाय मले."

"मग?"

"पाच वर्सं दर सुटीले यायच्याजवळ येऊन बसलो. सारं सांगतलं. आता नाव दुसरं निंघालं म्हणून वळख मोडाव का?"

तुम्ही उकिडवे बसलात. बराच वेळ बसलात. मग पाटीकडे बोट करून म्हणालात, "वाच आता." बाबा, मी वाचलं. एकेक शब्द, आधी इंग्रजीतून, मग मराठीतून. जैन तीर्थंकर, ध्यानस्थ, छातीवर श्रीवत्स चिन्ह, कुठल्या गावच्या शेतात सापडली ते. एकही ओळ गाळली नाही. आवाज दमदार काढायचा प्रयत्न केला. तुम्ही मान हलवलीत आणि पुन्हा एकदा, सावकाश, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलंत. "बरं लिवलं हाय," म्हणालात. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतलात आणि अगदी सहज विचारलंत, "तुले कवा समजलं वं?"

मी म्हणाले, "त्याच दिवशी, बाबा. सगळ्याईसंगं."

"हं," म्हणालात तुम्ही. "चाल, बस निंघन." त्या दिवशी फुटाणे घ्यायचे राहिले. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात आणि तो विषय तिथेच राहिला.

आता ऐका. मला आठवीत असतानाच कळलं होतं. असाच एक रविवार होता, तुम्ही मूर्तीपुढे बसला होतात, मी पायरीवर कंटाळले होते, आणि सहज पाटीकडे नजर गेली तर तो आगगाडीएवढा शब्द मला वाचता आला. मी तो तीनदा वाचला. मग भूगोलाचं पुस्तक उघडून डोकं खाली घातलं. तेव्हापासून त्या दर्शनाच्या रविवारपर्यंत दोन वर्षं मी दर खेपेला तुम्हाला तिथे हात जोडताना पाहत होते. आई गेल्यावर एकदा मी धाकट्या भावाला हे सांगितलं, तो म्हणाला, बाबांना वाईट वाटू नये म्हणून तू गप्प राहिलीस. मी हो म्हटलं. लोकांनी आपल्याला चांगलं समजावं याचा मोह मला पाचवीपासूनच आहे. खरं तसं नव्हतं. मी चुकीचं वाचलं हे कळलं असतं तर तुम्ही पुढच्या पाटीला दुसऱ्या कोणाला हाक मारली असती. ते मला सोसवलं नसतं. तुम्ही सगळं माझ्या डोळ्यांनी ओळखता, ही माझी मिरास होती, आणि ती सांभाळायला मी तुम्हाला तीस माणसांपुढे उभं केलं.

परवा त्या दोरीबाहेर मी चपला काढल्या. शाळेतली काही मुलं बघून हसली, हसू देत. नवी पाटी मराठीतही आहे, अक्षर मोठं आहे, पाच ओळींची आहे. मी ती हळू आवाजात वाचली, कोणी ऐकत नव्हतं तरी. आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. ते तुमच्यापर्यंत पोचलं असतं तरी वाचून दाखवायला मीच लागले असते. तुम्ही खाटेवर भिंतीला टेकून बसला असता, कागद किती मोठा आहे ते पाहिलं असतं, "तू वाच" म्हणाला असता. मी वाचलंही असतं, मूर्ती हलवल्याचं, आईच्या ठेच्याचं, निकालाच्या दिवसाचं. फक्त आठवीचा भाग आला की तेवढ्या ओळी सोडून पुढे गेले असते.